अक्षर शाबूत, वाचन भ्रष्ट : संगणकीय निरोपांच्या पाठचिकित्सेचा एक इतिहास

१

लेखनव्यवहाराचा इतिहास लिहिताना आपल्याकडे लेखक, ग्रंथ आणि फार तर मुद्रक-प्रकाशक यांची दखल घेतली जाते. लिहिलेला मजकूर वाचकाच्या डोळ्यांपर्यंत कोणत्या साधनांनी पोहोचला, आणि ती साधने बदलली तेव्हा त्या मजकुराचे काय झाले, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांच्या अंगणात ढकलून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न आम्ही एका रोजच्या अनुभवाच्या निमित्ताने मांडू इच्छितो. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली, नवी आवृत्ती बसवली, आणि कालपर्यंत नीट चालणारा मेसेंजर (त्या काळच्या मराठी आंतरजालावर त्याला कौतुकाने 'निरोप्या' म्हणत) आज चालेनासा झाला, हा तो अनुभव. त्यावर उपाय शोधण्याच्या खटपटीला इतिहास असतो काय? आमच्या मते असतो, आणि तो साहित्याच्या अभ्यासकाने वाचण्याजोगा आहे.

या बिघाडाचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील. निरोप्या मुळात सुरूच होत नाही किंवा जोडला जात नाही, हा पहिला. तो सुरू होतो पण निरोप पोहोचत नाही, हा दुसरा. निरोप पोहोचतो पण वाचता येत नाही, हा तिसरा. आणि एखादे विशिष्ट अक्षर समोर येताच यंत्रच कोसळते, हा चौथा. पहिले दोन प्रकार दळणवळणाच्या इतिहासात मोडतात. उरलेले दोन थेट लिपीशी आणि म्हणून आपल्याशी निगडित आहेत. आमचा भर त्यांच्यावर राहील. परंतु पहिल्या दोहोंची ओळख करून घेतल्याशिवाय पुढचे नीट उमगणार नाही.

२

१९९६ च्या नोव्हेंबरात इस्राएलमधील मिराबिलिस या लहानशा कंपनीने 'आयसीक्यू' आणला आणि तत्काळ निरोपांचे युग सर्वसामान्य संगणकधारकांपर्यंत पोहोचले. १९९७ मध्ये अमेरिका ऑनलाइनचा 'एम', १९९८ मध्ये याहूचा 'पेजर' (पुढे तोच 'याहू मेसेंजर' झाला) आणि जुलै १९९९ मध्ये 'एमएसएन मेसेंजर' असे एकामागून एक निरोपे अवतरले. हे सारे वेगळे, आपण होऊन उतरवून घ्यायचे कार्यक्रम होते. ऑक्टोबर २००१ मध्ये 'विंडोज एक्सपी' आली ती मात्र स्वतःचा 'विंडोज मेसेंजर' पोटात घेऊनच. निरोप्या आता प्रणालीचा भाग झाला, आणि प्रणालीच्या प्रत्येक बदलाशी त्याचे भवितव्य बांधले गेले.

येथे नावांचा एक गोंधळ उद्भवला. 'विंडोज मेसेंजर' आणि 'एमएसएन मेसेंजर' हे दोन भिन्न कार्यक्रम होते. त्यात भर म्हणजे प्रणालीच्या तळाशी नुसत्या 'मेसेंजर' या नावाची एक तिसरीच सेवा होती. कार्यालयातील स्थानिक जाळ्यावर व्यवस्थापकाने सर्वांना सूचना द्यावी, एवढाच तिचा मूळ हेतू. एक्सपीच्या आरंभीच्या काळात जाहिरातदारांनी तिचा दुरुपयोग सुरू केला आणि कोणाच्याही पडद्यावर अनाहूत चौकटी उमटू लागल्या. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीची दुसरी 'सर्व्हिस पॅक' आवृत्ती आली, तिने ही सेवा मुळातच बंद ठेवली; पुढे व्हिस्टातून ती काढूनच टाकण्यात आली. ज्यांना दोन्हींतला फरक ठाऊक नव्हता ते आपला गप्पांचा मेसेंजर का बिघडला याचा शोध या बंद सेवेत घेत राहिले. नामसाधर्म्यामुळे दोन कवींच्या रचना एकाच्या नावावर जमा होतात, हा प्रकार आपल्याला संतवाङ्मयाच्या अभ्यासातून परिचित आहे. त्याचीच ही यांत्रिक आवृत्ती.

त्याच आवृत्तीने 'फायरवॉल' ही तटबंदी आपण होऊन उभी केली. परिणामी मजकुराचे निरोप जात, पण फाइल पाठवणे, आवाजी संभाषण अशा ज्या गोष्टींसाठी बाहेरून थेट आत येणारी जोडणी लागे त्या अडकू लागल्या. उपाय सोपा होता: तटबंदीच्या अपवादांच्या यादीत आपल्या निरोप्याचे नाव घालणे. पण तो सुचण्यासाठी आधी निदान व्हावे लागे. आंतरजाल चालू आहे काय? दुसरा कार्यक्रम जोडला जातो काय? तोच निरोप्या दुसऱ्या संगणकावर चालतो काय? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, उरलेल्या स्थिर ठेवायच्या, आणि दोष कोणत्या थरात आहे ते ठरवायचे. हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहणारा संपादक याहून निराळे काही करत नाही. ही शिस्त त्या दशकात हजारो सामान्य माणसांनी कोणत्याही विद्यापीठाच्या मदतीवाचून आत्मसात केली, ही नोंद आम्हाला महत्त्वाची वाटते.

३

आता मराठी अक्षरांकडे वळू. युनिकोडपूर्व काळात संगणकावरील मराठीची स्थिती समजून घेतली पाहिजे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली होती. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि पुण्याच्या 'सी-डॅक'ने तिच्या आधारे पुष्कळ काम केले. परंतु विंडोजवर घरोघरी जे रुजले ते निराळेच होते. रोमन अक्षरांच्या संकेतांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेले फाँट, हे त्याचे स्वरूप. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राही. वर पांघरूण तेवढे देवनागरीचे. प्रत्येक उत्पादकाची मांडणीही स्वतंत्र. अर्धा 'श' एकाने ज्या जागी ठेवला त्या जागी दुसऱ्याने वेलांटी ठेवलेली. म्हणून एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक खिचडी होई, आणि फाँट नसलाच तर रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची रांग दिसे.

नवी विंडोज बसवताना जुनी पुसून टाकण्याची रीत सर्रास होती. तिच्याबरोबर फाँटही पुसले जात. मग साठवलेल्या मराठी पत्रांचे आणि संभाषणांचे पांघरूण उडे आणि आत दडलेली रोमन रांग उघडी पडे. मजकूर गेला, असे माणसे म्हणत. वास्तविक मजकुराचा एकही संकेत हललेला नसे. तो वाचण्याची किल्ली तेवढी हरवलेली असे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यातील देवनागरीचा आराखडा इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेला. परंतु प्रमाण कागदावर असणे आणि ते घरच्या संगणकात असणे यांत जवळजवळ एका दशकाचे अंतर पडले. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या 'विंडोज २०००' ने हिंदी, मराठी, कोकणी व संस्कृत या भाषांना प्रथमच पायाभूत आधार दिला. तिच्याबरोबर आलेल्या 'मंगल' या फाँटची अक्षरे कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवलेली होती. मराठी दृक्काव्याच्या संदर्भात ज्यांचे नाव आपण घेतो, त्यांच्याच हातचे वळण पुढे कोट्यवधी पडद्यांवर उमटले; वाङ्मयेतिहासात ही गोष्ट क्वचितच नमूद होते.

विंडोज एक्सपीत मात्र एक मेख होती. संमिश्र लिप्या जुळवणारी यंत्रणा तिच्यात असूनही ती आपोआप सुरू नसे. नियंत्रणपटलावरील प्रादेशिक व भाषिक पर्यायांत जाऊन, भाषांच्या पानावर, 'संमिश्र लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा' यांसाठीच्या फाइलींपुढील चौकटीत खूण करावी लागे, आणि त्यासाठी बहुधा प्रणालीची मूळ तबकडी मागितली जाई. सायबर कॅफेतल्या मराठी माणसाकडे ना ती तबकडी, ना तेथील संगणकात फेरफार करण्याचा अधिकार. देवनागरीला जन्मतः हक्क मिळाला तो पुढच्या व्हिस्टात, म्हणजे २००७ च्या सुमारास. तोवर आपली लिपी ही खूण करून मागून घ्यावी लागणारी सवलत होती. या काळात कित्येकांनी रोमन लिपीत मराठी लिहिणे पत्करले. त्यामागे निव्वळ आळस वा इंग्रजीचा सोस पाहणाऱ्या टीकाकारांनी या न केलेल्या खुणेचाही विचार करावा.

४

या काळात मराठी निरोप बिघडलेला दिसे तो एकाच रीतीने नव्हे. बिघाडाची चार रूपे होती आणि प्रत्येकाचे निदान वेगळे होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ती रूपे लक्षात ठेवावीत. जुन्या फाइली हाताळताना ती अजूनही उपयोगी पडतात.

पहिले रूप चौकोनांचे. प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. याचा अर्थ संकेत शाबूत आहेत, पण त्यांना साजेशी अक्षरचित्रे असलेला फाँट त्या यंत्रावर नाही. फाँट मिळाला की मजकूर जसाच्या तसा उभा राहतो.

दुसरे रूप विस्कटलेल्या अक्षरांचे. 'स्त्री' हा शब्द पायमोडक्या 'स्' आणि 'त्' सह सुटा सुटा दिसतो. 'किती'तील ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी न येता नंतर लटकते. येथे संकेत आहेत, फाँटही आहे. नाही ती जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा. देवनागरीत उच्चारक्रम आणि दृश्यक्रम नेहमी एक नसतात. संगणक उच्चारक्रमाने साठवतो आणि दृश्यक्रमाने दाखवतो. हा अनुवाद करणारा मधला कारागीर गैरहजर असला की मजकूर असा विस्कटतो.

तिसरे रूप विचित्र रोमन चिन्हांचे. डोक्यावर आघातचिन्ह असलेला रोमन 'ए', त्यामागे चलनाचे एक वर्तुळाकार चिन्ह, मग आणखी एखादे, आणि पुन्हा तीच जोडी, अशी माळ दिसते. युनिकोडच्या 'यूटीएफ-८' या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते, आणि त्यांतील पहिल्या दोन बाइटांत फारच थोडा बदल होतो. वाचणाऱ्या कार्यक्रमाने तो मजकूर पाश्चात्त्य युरोपीय संकेतांचा समजून वाचला की ही पुनरावृत्ती दिसते. येथेही बहुधा काही हरवलेले नसते. 'हा यूटीएफ-८ आहे' एवढे यंत्राला सांगितले की पुरे.

चौथे रूप प्रश्नचिन्हांचे, आणि तेच खरे घातक. जुन्या धाटणीच्या कार्यक्रमांना देवनागरी ठेवण्यासाठी जागाच नव्हती. अशा कार्यक्रमातून मजकूर गेला की प्रत्येक अनोळखी चिन्हाच्या जागी तो खरोखरीचे प्रश्नचिन्ह लिहून टाकी. येथे किल्ली हरवलेली नसते, पेटीच रिकामी झालेली असते. कोणताही फाँट, कोणतीही प्रणाली तो मजकूर परत आणू शकत नाही.

चौकोन आणि प्रश्नचिन्ह पडद्यावर सारखीच निराशा करतात. पण एकात मजकूर जिवंत आहे, दुसऱ्यात मेलेला. हा भेद न कळल्याने किती पत्रे जिवंतपणीच पुसली गेली असतील!

५

'पाठचिकित्सा' हा शब्द आम्ही शीर्षकात योजला तो केवळ उपमा म्हणून नव्हे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण मूळच्या शुद्ध ग्रंथात पाठभेदांनी भ्रष्टता शिरली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली, ती याच प्रश्नाशी झुंजत. हस्तलिखितांच्या परंपरेत भ्रष्टता नकलेत शिरते. लेखनिक थकतो, ओळ गाळतो, अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घालतो. आणि पुढची नकल त्या चुकीसह होते.

संगणकाच्या परंपरेत नेमके उलटे घडते. नकल बहुतांशी निर्दोष असते. दोष वाचनात शिरतो. लेखनिक अचूक, वाचक बदललेला. म्हणून येथे चिकित्सकाला 'मूळ शब्द काय असेल' याच्या आधी 'हे संकेत कोणत्या काळच्या, कोणत्या वाचकासाठी लिहिले गेले' असे विचारावे लागते. या प्रश्नालाही मराठीत पूर्वज आहेत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. अक्षरे कागदावर शाबूत होती, पण पंथाबाहेरच्या वाचकाला किल्ली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृती संशोधकांच्या खटपटीने ती कोडी उलगडली आणि मराठी गद्याच्या इतिहासाचा आरंभच बदलला.

मोडीचे उदाहरण याहून जवळचे. शासकीय आणि शालेय व्यवहारातून मोडी १९५० च्या सुमारास मागे पडली आणि बाळबोध हीच सर्वत्र झाली. समाजाची लेखनप्रणाली बदलली. घराघरांतील दप्तरे जागच्या जागी राहिली, पण ज्या घरात आजोबा ती सहज वाचत तेथे नातवासाठी ती चित्रे झाली. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात निघाले. असे भाग्य लाभलेले कागद थोडे. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. दोन प्रणालींच्या मधल्या काळात जे अडकले त्याचा हिशेब कोणाकडेच नाही.

६

प्रणाली सुधारल्या म्हणून प्रश्न संपला असे झाले नाही. तो सूक्ष्म झाला. मराठीच्या दोन अक्षरांची कथा येथे सांगण्याजोगी आहे.

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर 'ॲरिस्टॉटल' लिहिणारा कधी 'ए'वर चंद्र देई, कधी 'अ' लिहून पुढे सुटा चंद्र जोडी. नवे अक्षर आल्यावर नव्या प्रणालीतून जुन्या प्रणालीकडे गेलेल्या निरोपात त्या एका जागी चौकोन दिसू लागला; २००१ च्या फाँटला २००८ चे अक्षर कसे ठाऊक असावे? पुढे चौकोन गेले, पण तिन्ही लेखनपद्धती जुन्या मजकुरात तशाच राहिल्या. शोधयंत्राला त्या सहसा तीन निरनिराळ्या शब्दांसारख्या दिसतात. ॲरिस्टॉटलवर मराठीत काय लिहिले गेले याचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला एका लेखनपद्धतीने शोधून दोन-तृतीयांश चर्चा अदृश्य राहण्याचा धोका आहे.

दुसरी कथा 'ऱ्य'ची. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील फरक मराठी वाचकाला सांगायला नको. एक निमंत्रण व्यासपीठावर जाते, दुसरे मुदपाकखान्यात. संगणकात हा 'ऱ्य' दोन रीतींनी साठवता येतो. एकात नुक्ता असलेला 'ऱ' वापरतात. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि त्यांच्यापुढे 'जोडा' असे सांगणारे एक अदृश्य चिन्ह असते. कार्यक्रम बदलताना वा मजकूर एकीकडून दुसरीकडे नेताना हे अदृश्य चिन्ह कोणी 'निरुपयोगी' समजून गाळले, तर उरतो तो सरळ 'र्य'. ना चौकोन, ना प्रश्नचिन्ह. शब्द शुद्ध, वाक्य व्याकरणशुद्ध, आणि आचाऱ्यांचे आचार्य झालेले. भ्रष्ट पाठांपैकी सर्वांत फसवा तो, जो भ्रष्ट दिसतच नाही. हस्तलिखितांच्या संपादकांना हे जुनेच ठाऊक आहे. संगणकावरून मजकूर उचलणाऱ्या संपादकांनी ते नव्याने शिकावे लागेल.

७

चौथ्या प्रकारच्या बिघाडाची, म्हणजे अक्षरामुळे यंत्र कोसळण्याची, दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. मे २०१५ मध्ये असे आढळले की विशिष्ट चिन्हांची एक माळ निरोपातून आली की आयफोन बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्या माळेत काही इंग्रजी शब्द, अरबी अक्षरे, एक चिनी अक्षर, आणि चक्क देवनागरीतील दीर्घ 'ॡ'चे स्वरचिन्ह होते. संस्कृत वर्णमालेत मांडणीच्या पूर्ततेसाठी ठेवलेले, प्रत्यक्षात जवळजवळ न वापरले जाणारे हे चिन्ह अशा रीतीने जगभर पोहोचले. सूचनेच्या अरुंद पट्टीत तो मजकूर आखडून बसवताना यंत्राची गणना चुके. कंपनीने दुरुस्ती येईतो सुचवलेला उपाय मोठा मार्मिक होता: न वाचलेले निरोप 'सिरी'ला मोठ्याने वाचायला सांगा आणि तिच्याकरवीच उत्तर पाठवा. लिखित रूप डोळ्यांसमोर येऊ शकत नव्हते, तेव्हा मजकूर पुन्हा श्रुतीच्या आश्रयाला गेला. दुरुस्ती आली ती त्या वर्षीच्या जूनअखेरीस, आयओएस ८.४ मध्ये.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी २०१८ चा. आयओएस ११ मध्ये तेलुगूतील एक जोडाक्षर आले की निरोपांचा कार्यक्रम कोसळे. ते पुन्हा उघडू गेल्यास पुन्हा कोसळे. हे जोडाक्षर म्हणजे आपला 'ज्ञा'. मात्र नित्याच्या तेलुगू लेखनातील 'ज्ञा'ने काही बिघडत नसे. मध्ये एक अदृश्य विलगक चिन्ह आले तरच यंत्र गडबडे. पुढील विश्लेषणात बंगाली व देवनागरीतील काही जोडण्यांनीही तोच परिणाम होतो असे दिसून आले. १९ फेब्रुवारीला ११.२.६ ही आवृत्ती आली आणि प्रश्न मिटला. परंतु मधल्या दिवसांत या घटनेची चर्चा ज्या भाषेत झाली ती आठवते: एका भारतीय अक्षराने फोन 'मारला'. अक्षर निर्दोष होते. जोडाक्षर जुळवणाऱ्या यंत्रणेत दोष होता. कोट्यवधी लोकांच्या लिपीची पुरेशी परीक्षा न घेता यंत्रणा बाजारात आली, ही खरी बातमी. तिच्या जागी त्या लिपीलाच आरोपी करण्यात आले.

८

ब्रह्मदेशाचे उदाहरण घेतल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील, कारण तेथे एका राष्ट्रालाच प्रणालीबदलातून जावे लागले. २००० च्या दशकाच्या मध्यानंतर 'झॉजी' नावाचा फाँट तेथे पसरला. प्रचलित प्रणालींत बर्मी अक्षरे जुळवण्याची सोय नव्हती. विंडोजमध्ये ती आली २०१२ च्या 'विंडोज ८' पासून. झॉजीने युनिकोडचेच संकेतक्रमांक घेतले, पण आपल्या सोयीने वापरले. शान, मोन, करेन आदी भाषांच्या अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर बर्मी अक्षरांचीच पर्यायी चित्रे बसवली. परिणामी बहुसंख्याकांच्या भाषेची तातडीची गरज भागली, आणि अल्पसंख्य भाषांची अक्षरे त्याच यंत्रावर नीट लिहिणे अवघड झाले.

आपल्या जुन्या फाँटांपेक्षा येथील पेच अधिक बिकट होता. क्रमांक तेच आणि अर्थ दोन, म्हणून आलेला निरोप कोणत्या पद्धतीचा हे त्याच्या संकेतांवरून निश्चित कळत नसे. अक्षरांच्या क्रमावरून संभाव्यतेने ताडावे लागे. नवा फोन घेतलेल्या माणसाला जुना फोन वापरणाऱ्याचा निरोप गबाळ दिसे, आणि त्याचाही ह्याला. अखेर १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस ठरवून शासन आणि उद्योग यांनी युनिकोडकडे स्थलांतर सुरू केले; फेसबुकने आपल्या मंचांवर दोन्ही पद्धती ओळखून रूपांतर करणारी सोय दिली. ज्यांना लिपीसुधारणा हा केवळ भाषाशास्त्रज्ञांचा विषय वाटतो त्यांनी हा प्रसंग अभ्यासावा. येथे वर्णमाला बदलली नाही, एकही अक्षर नवे आले नाही; तरी सारा देश काही काळ परस्परांचे लिहिलेले वाचू शकत नव्हता.

९

आता मूळ प्रश्नाकडे. हे सर्व साहित्याच्या अभ्यासकाने का जाणावे?

जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांचे खंड नसते तर त्यांच्या कथांचे आपले वाचन आज आहे तसे राहिले नसते. ती पत्रे कागदावर होती; ज्यांना आली त्यांनी जपली आणि संपादकांच्या हाती दिली. १९९५ ते २०१० या काळात लिहित्या झालेल्या पिढीची पत्रे कोठे आहेत? बरीचशी निरोप्यांत आणि ई-टपालात. विंडोज लाइव्ह मेसेंजर २०१३ मध्ये बहुतेक देशांत बंद झाला, अमेरिका ऑनलाइनचा 'एम' १५ डिसेंबर २०१७ रोजी, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी. त्यांवरील संभाषणे उरली असतील तर ती वापरणाऱ्यांच्या जुन्या संगणकांवर, जतन करण्याचा पर्याय त्यांनी निवडला असेल तरच. एमएसएनची जतन केलेली संभाषणे साध्या, उघडून वाचता येण्याजोग्या मजकुराच्या रूपात असत. याहूची मात्र वापरणाऱ्याच्या नावाच्याच किल्लीने झाकलेली असत. त्या माणसाचे याहूवरील नाव ठाऊक असल्यास त्या फाइली वाचता येतात, नसल्यास नाही. महानुभावांच्या पोथ्यांनंतर मराठीत पुन्हा एकदा सांकेतिक लिपीतील वाङ्मय निर्माण झाले आहे, आणि या वेळी लिहिणाऱ्यांनाही त्याची कल्पना नाही.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, जुन्या संगणकावरील मराठी मजकूर वाचता येत नाही म्हणून पुसू नये. आधी बिघाडाचे रूप ओळखावे. चौकोन, विस्कटलेली अक्षरे, रोमन खिचडी यांना उपाय आहे. दोन, अशा मजकुराची प्रत जपताना मूळ फाइल, तिचा फाँट आणि ती ज्या प्रणालीवर लिहिली गेली तिचे नाव, हे तिन्ही एकत्र नोंदवावे. नुसते पडद्याचे छायाचित्र शोधता येत नाही, आणि नुसती फाइल उद्या वाचता येईलच असे नाही. तीन, आमच्या विद्यापीठांच्या मराठी विभागांत पाठचिकित्सा शिकवताना ताडपत्र आणि कागद यांच्यानंतरचे तिसरे प्रकरण म्हणून संकेतप्रणालींचा परिचय करून द्यावा. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. एकनाथांच्या प्रतिशुद्धीमागे जी वृत्ती होती ती पुरेशी आहे.

नवी प्रणाली बसवताना यंत्र एक प्रश्न हमखास विचारते: जुने ठेवायचे की पुसायचे? या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस त्या क्षणी ग्रंथपाल असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. मोडीच्या दप्तरांपुढे आपले पूर्वज असेच उभे होते. त्यांतील काहींनी वाचता येत नसूनही ती माळ्यावर ठेवली, म्हणून आज आपल्याला थोडाफार इतिहास आहे.